सागाचा करडा थर किती खोल?

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांचे सागवानी सज्जे उन्हापावसात करडे पडतात. ऊन लिग्निन (लाकडाचे धागे घट्ट बांधणारा पदार्थ) मोडतं, पाऊस ते तुकडे धुऊन नेतो, वर मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे धाग्यांचा मूळ पदार्थ, उरतं. या थराची खोली कळली, तरच रंधा किती मारायचा हे ठरवता येतं. अंदाजाने मारला, तर कोरीवकाम हकनाक जातं.

(दृश्य: सुईचं टोक, जवळून)

ही खोली मोजतो हा स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोप: बारीक सुई द्रावणात पृष्ठभागाजवळून फिरवून विजेचा प्रवाह मोजणारं यंत्र. 1989 मध्ये अ‍ॅलन बार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं तंत्र. सुई म्हणजे काचेत मढवलेली प्लॅटिनमची तार, फक्त 10 मायक्रॉन जाड आहे. पीएच 7 च्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) 1 मिलिमोलर हेक्साक्लोरोइरिडेट हे इरिडियमचं संयुग घालून तारेला 0.9 व्होल्ट दिले (संदर्भाला सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड), की लाकडापासून दूर असताना प्रवाह येतो सुमारे 1.5 नॅनोअँपिअर. टोकाशी ऑक्सिडाइझ झालेलं इरिडियम लाकडापर्यंत जातं. तिथे फिनॉल, म्हणजे लिग्निनमधला इलेक्ट्रॉन देणारा भाग, भेटलं, तर इलेक्ट्रॉन घेऊन परततं आणि प्रवाह वाढतो. नुसतं सेल्युलोज असेल तर लाकूड फक्त वाट अडवतं, प्रवाह घटतो.

निखळलेल्या फळीचा तुकडा कडेने इपॉक्सीत बसवायचा, तोही कोरडा असतानाच. मग मायक्रोटोमने (अतिशय पातळ, सपाट काप घेणारं यंत्र) धाग्याला आडवा छेद घ्यायचा. त्यामुळे करड्या कडेपासून आतल्या ताज्या लाकडापर्यंत एकाच रेषेत जाता येतं. शिवाय लाकूड भिजून रुंदीत फुगतं, धाग्याच्या लांबीत जवळपास नाही, म्हणून सुई आपटत नाही. छेद रात्रभर बफरमध्ये ठेवावा, निर्वात पंपाने हवा काढावी, पाणी रंगहीन होईपर्यंत बदलत राहावं. यात घाई नको: सुटलेलं टॅनिन प्लॅटिनमवर चिकट थर धरतं.

सुई उतरवायची ती इपॉक्सीवर, सेकंदाला अर्धा मायक्रॉन या वेगाने. प्रवाह दूरच्या 1.5 च्या 60 टक्क्यांवर आला की थांबायचं, आणि त्याच उंचीवर सुई करड्या कडेपासून आत सरळ रेषेत सरकवायची. लाकडावर उतरवली तर फिनॉलमुळे अंतराचा अंदाज चुकतो.

फसवतात त्या सागाच्या वाहिन्या, म्हणजे लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या पोकळ नळ्या, नुसत्या डोळ्यांनाही दिसणाऱ्या. वाहिनीवर अंतर वाढतं, म्हणून प्रवाहही वाढतो आणि फिनॉलचा भास होतो. म्हणून त्याच रेषेवर सुई पुन्हा फिरवायची. फिनॉल पहिल्या फेरीत खर्च होतं, त्यामुळे तिथला प्रवाह उतरतो. वाहिनीवरचा तसाच राहतो.

दर रेषेनंतर सुई वर घ्यावी. प्रवाह 1.5 नॅनोअँपिअरवर परतला नाही, तर टोक माखलंय. 0.05 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनावर (घासायची बारीक पूड) घासून, धुऊन, ती रेषा ताज्या छेदावर पुन्हा घ्यावी.