माझं मत सॅचेल पेजला

श्रोतेहो, नमस्कार. बेसबॉलचे चाहते जमले की सर्वश्रेष्ठ पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा खेळाडू कोण, हा वाद निघतोच. कुणी साय यंगचे 511 विजय पुढे करतो; बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात. कुणी वॉल्टर जॉन्सनचं नाव घेतो; त्याच्या नावावर समोरच्या संघाला एकही रन न देता पूर्ण केलेले 110 सामने आहेत. दोघेही थोरच. माझं मत मात्र सॅचेल पेजला.

25 सप्टेंबर 1965 ची रात्र ऐका. कॅन्सस सिटीचा अ‍ॅथलेटिक्स संघ त्या मोसमात तळाशी होता, मैदान ओस पडायचं. मालक चार्ली फिनलीने प्रेक्षक ओढायला पेजला बोलावलं. पेजचं वय 59. मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी झुलती खुर्ची मांडली, हात चोळून द्यायला शेजारी नर्स उभी केली. म्हाताऱ्याची गंमत बघायची, एवढंच लोकांच्या मनात.

मग पेज खुर्चीतून उठला आणि बोस्टन रेड सॉक्सला बॉल टाकू लागला. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग असतात. पहिली इनिंग गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठणं, जमलं ते एकट्या कार्ल यास्ट्रेम्स्कीला, आणि तो तर पुढे थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला बॅटर! पुन्हा सांगतो: तीन इनिंग, एक हिट, शून्य रन. वय 59.

चौथ्या इनिंगच्या सुरुवातीला त्याला बदललं. तो आत जाऊन कपडे उतरवायला लागला, तर त्याला परत बाहेर बोलावलं. मैदानातले दिवे मालवले होते. लोकांनी काड्या पेटवल्या, लायटर पेटवले आणि त्याच्यासाठी गाणं म्हटलं. हल्ली कुठल्याही खेळात दोन चेंडूंच्या मधे लाउडस्पीकर ठणाणा करतात, ते मला अजिबात आवडत नाही. प्रेक्षकांना स्वतःचा गळा आहे, तो वापरू द्या की!

आता आकड्यांचं. 1906 साली अलाबामातल्या मोबील इथे जन्मलेल्या पेजची उमेदीची वर्षं निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांमध्ये गेली, कारण 1947 मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं. 1948 मध्ये मेजर लीगच्या क्लीव्हलंड संघाने त्याला घेतलं तेव्हा तो 42 वर्षांचा होता. सहा सामने जिंकले, एक हरला, आणि त्या वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका जिंकली. 42 व्या वर्षी हे, तर पंचविशीत काय असेल? आणि त्या बंद दाराचा फायदा यंग-जॉन्सननाही मिळालाच. मेजर लीगमध्ये त्यांच्यासमोर एकही कृष्णवर्णीय बॅटर उभा राहिला नाही. पेजने निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनसारख्या जबरदस्त बॅटरना बॉल टाकले.

1971 मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, तेही आधी निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळं दालन करू म्हणाले. लोक खवळले, तेव्हा कुठे इतरांच्या रांगेत जागा मिळाली. निग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा मिळायला 2020 साल उजाडलं, आणि पेज तर 1982 मध्येच गेला होता. नमस्कार.