इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी पाडतात? नाही हो, नाही! | जपानच्या सगळ्यात मानाच्या देवस्थानाची देखभाल

नमस्कार मंडळी!

तर परत एकदा इसे. माझा दुसराच विषय ठरला होता, पण तुम्ही ऐकाल तर शपथ. जाडजूड दोरखंड, ओंडके, ओरडत ओढणारं अख्खं गाव, असे रील्स फिरतायत आणि खाली मराठीत लिहिलेलं असतं, ‘जपानी लोक दर वीस वर्षांनी देऊळ पाडतात.’ आणि मग मला टॅग करता. करा, पण आज हा विषय मिटवू.

आधी पटापट. जपानच्या मिए प्रांतात इसे शहर, तिथे इसे जिंगू. शिंतो धर्मातलं सगळ्यात मानाचं देवस्थान. एक देऊळ नाही, लहानमोठी मिळून 125. त्यातली मुख्य दोन. नाईकू म्हणजे सूर्यदेवता आमातेरासूचं, आणि गेकू म्हणजे अन्नधान्याची देवता तोयोउके हिचं. दर 20 वर्षांनी नवं देऊळ, याला म्हणतात शिकिनेन सेंगू. पहिलं 690 साली, 62वं 2013 साली, पुढचं 2033 ला. झालं, बेसिक संपलं.

आता ‘पाडतात’ या शब्दाकडे येऊ, कारण माझं डोकं तिथेच फिरतं.

देवळाच्या जागा दोन आहेत. शेजारी शेजारी, सारख्या मापाच्या. एकावर देऊळ उभं असतं, दुसरी मोकळी. नाईकूमध्ये सध्याचं देऊळ पश्चिमेच्या जागेवर आहे आणि पूर्वेची जागा रिकामी. नवं देऊळ त्या रिकाम्या जागेवर उभं राहतं. जुनं तेव्हा शेजारी शाबूत असतं, पूजा चालू असते. नवं पूर्ण झालं की एका रात्री देवता इकडून तिकडे जाते. त्यानंतर जुनं उतरवतात. आपल्याकडे सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की आधी आपण भाड्याच्या घरात, मग इमारत जमीनदोस्त, मग बिल्डरची वाट बघा. इथे देव भाड्याच्या घरात राहायला जातच नाही!

तरी पटत नसेल तर वेळेचा हिशोब बघा. ‘पाडून बांधतात’ म्हटलं की वाटतं, एका सीझनचं काम. यात सुमारे आठ वर्षं जातात आणि तीसहून जास्त विधी असतात. 2033 साठीची सुरुवात 2025 मध्येच झाली. त्या वर्षीच्या जूनमध्ये किसोच्या डोंगरात हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, झाडं विधीपूर्वक तोडली, सुमारे 300 वर्षं वयाची. तोडण्याची पद्धत तर बघत राहावी. करवत नाही, फक्त कुऱ्हाडी. तीन बाजूंनी आत पोखरत जायचं, शेवटी खोड तीन पायांवर उभं राहतं, मग एक पाय तोडला की झाड हव्या त्याच दिशेला पडतं. नंतर त्याच झाडाचा शेंडा आणून बुंध्यात खोचतात, डोंगराच्या देवाचे आभार म्हणून. तुमच्या रील्समधलं ते ओंडके ओढणं म्हणजे ओकिहिकी, 2026 आणि 2027 चा कार्यक्रम. म्हणजे लाकूड येतंय. देवळाला अजून कोणी हातही लावलेला नाही!

आणि तिसरी गोष्ट. ‘केवढी झाडं वाया!’ ही कमेंट एका आजोबांची आहे, आदराने उत्तर देतो. आजोबा, लाकूड साधारण दहा हजार झाडांचं लागतं, बरोबर. पण जुनं देऊळ उतरवतात ते लाकूड पुढे वापरायचं म्हणूनच. देवळाच्या आढ्याला आधार देणारे जे मोठे खांब, ते इसुझु नदीवरच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी म्हणून, म्हणजे कमान म्हणून उभे राहतात. तिथे वीस वर्षं झाली की ते जातात कुवाना आणि सेकी या जुन्या वाटेवरच्या गावांत, तिथे पुन्हा कमानी होतात. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना जातं. 2013 नंतर तर 2011 च्या त्सुनामीत नुकसान झालेल्या देवळांनाही मिळालं. आणि नवी झाडं? 1923 मध्ये देवस्थानाने 200 वर्षांची वनयोजना आखली. स्वतःचं सुमारे 5,500 हेक्टर जंगल आहे, त्यात हिनोकी वाढवतायत. दोनशे वर्षांची योजना, मंडळी. आमच्या नगरपालिकेचं वृक्षारोपण पुढच्या वृक्षारोपणापर्यंत टिकत नाही, असो.

तर जागा दोन, वर्षं आठ, लाकूड फिरतं. ‘पाडतात’ आता कोणी लिहिलं तर मी हार्ट देणार नाही.

आणखी एक खटकणारी कमेंट: ‘1300 वर्षं अखंड परंपरा.’ अखंड नाही! यादवीच्या काळात 120 वर्षांहून जास्त खंड पडला होता. दुसऱ्या महायुद्धामुळे 1949 चं सेंगू 1953 मध्ये झालं. तुटलं होतं आणि पुन्हा उभं केलं, हे मला अखंडपेक्षा भारी वाटतं.

‘सरकार पैसे देतं का?’ पूर्वी द्यायचं. युद्धानंतरच्या संविधानाने धर्म आणि सरकार वेगळे केले, तेव्हापासून इसे ही एक खासगी धार्मिक संस्था आहे. पंढरपूर, शिर्डी, सिद्धिविनायक इथे राज्य सरकार कायद्याने समिती नेमतं, जपानमध्ये तसं चालणारच नाही. 2013 च्या सेंगूचा खर्च सुमारे 55 अब्ज येन, तो देणग्या आणि देवस्थानाच्या स्वतःच्या पैशातून. यात फक्त सुतारकाम नाही हं. वस्त्रं, तलवारी, आरसे असे 714 प्रकारचे 1,576 नग नव्याने घडवतात. घडवणारे कारागीर टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं, आणि वीस वर्षांत एकाच माणसाला आधी शिकाऊ म्हणून आणि मग उस्ताद म्हणून हात लावता येतो.

पण मला विचाराल तर खरी देखभाल सेंगू नाहीच, रोजचं आहे. गेकूमध्ये दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, देवांना जेवण दाखवतात. भात, मीठ, पाणी, मासे, समुद्रशेवाळ, भाजी, फळं, साके म्हणजे तांदळाची दारू. विस्तव लाकडावर लाकूड घासून पेटवतात, लायटर नाही. पाणी ठरलेल्या विहिरीचं. तांदूळ देवस्थानाच्या शेतातला, मीठ फुतामीच्या किनाऱ्यावर स्वतः बनवलेलं, भांडी बिनझिलईच्या मातीची आणि एकदाच वापरायची. वर्षभरात दीड हजारांवर विधी होतात. यातलं बहुतेक कोणी बघतही नाही. ‘टुरिस्टांसाठी नाटक’ म्हणणाऱ्या भाऊ, प्रेक्षक कुठेयत?

मी गेलो तेव्हा नाईकूच्या दगडी पायऱ्यांखाली कॅमेरा बंद करावा लागला. वर फोटो चालत नाही. माझ्या शेजारी एक काका मोबाईल छातीशी धरून ‘मी फक्त वेळ बघतोय’ करत होते. सुरक्षारक्षकाने नुसतं वाकून नमस्कार केला, काकांचा मोबाईल खिशात. आणि म्हणूनच या व्हिडिओत मुख्य देवळाचं फुटेज नाही, कृपया ‘फुटेज कुठंय’ विचारू नका.

जाणार असाल तर तिकीट नाही, पहाटे पाचला उघडतं. नागोयाहून किन्तेत्सुची ट्रेन दीड तासाच्या आसपास. आधी गेकू, मग नाईकू, हाच रिवाज. आणि नाईकूत देवळाशेजारची ती रिकामी जागा बघायला विसरू नका, सगळे तिला पाठ करून सेल्फी काढतात.