डावीकडून आलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

आपली शेवटची नवी मैत्रीण किंवा नवा मित्र कधी झाला, आठवतंय का? ओळख नव्हे हं. सोसायटीच्या जिन्यात ‘बरं आहे ना’ म्हणतो, ती ओळख. मैत्री म्हणजे जिच्याकडे विनाकारण फोन करता येतो. मी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा उत्तर मिळालं, बावीस वर्षांपूर्वी, मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी.

मग गेल्या हिवाळ्यात मी आठ दिवस उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन आले. गेले होते गुडघ्यांसाठी आणि वजनासाठी. वजनाचं म्हणाल तर माहेरवाशिणीसारखं दोन किलो गेलं आणि सणाला परत आलं. पण मैत्रीण मिळाली, ती राहिली.

उरुळी पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याला. हा आश्रम गांधीजींनी १९४६ च्या मार्च महिन्यात सुरू केला. खेड्यातल्या गरिबाला महागडी औषधं परवडत नाहीत, पण माती, पाणी, ऊन, हवा तर त्याच्या दारात आहे, असा त्यांचा साधा हिशेब. ते स्वतः थोडेच दिवस राहिले. पुढे त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी सगळा जन्म त्या गावात काढला. शेती आणि पशुपालनात काम करणारी ‘बाएफ’ ही संस्था त्यांनी तिथूनच १९६७ मध्ये उभी केली, आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजकाल ‘वेलनेस रिट्रीट’ म्हणतात त्याला आपल्याकडे हे इतकं जुनं, खादीतलं घराणं आहे.

तर मातीपट्टी. खोलवरची काळी माती चाळून, भिजवून, कापडात घालून थापतात आणि पोटावर ठेवतात. डोळ्यांवरही एक छोटी पट्टी. थंडीच्या दिवसांत पहिला स्पर्श असा होतो की माणूस देवाचं नाव घेतो. मग अर्धा तास निपचित पडून राहायचं. आजूबाजूला ओळीनं बायका, सगळ्यांचे डोळे मातीखाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या डावीकडून आवाज आला, “ताई, तुमच्याकडं शेंगाची चटणी उखळात कुटत्यात का मिक्सरला फिरवत्यात?”

मी म्हटलं, “मिक्सरला.”

“मग ती चटणी न्हाई. तो चुरा.”

आता सांगा, आदल्या संध्याकाळी उकडलेला दुधी आणि ताक घेऊन झोपलेल्या बाईला हे कुणी विचारावं? पण तिनं विचारलं आणि आम्ही सुरू झालो. तेल सुटेपर्यंत कसं कुटायचं, लसूण कधी घालायचा, बार्शीकडं भाकरीवर काय काय लागतं. उजवीकडच्या बाई खान्देशातल्या निघाल्या, त्या शेवभाजीवर आल्या. पट्टी काढायला ताई आल्या तेव्हा म्हणाल्या, “अहो, पोटावर उपचार चाललाय, पोटाला कळेल ना!”

पट्टी निघाली. आवाजावरून मी एक थोराड, नऊवारीतली, साठीपुढची बाई मनात उभी केली होती. शेजारी बसली होती काटकुळी, पंचेचाळिशीची, चश्मा शोधणारी. तिनंही माझ्याकडे बघून “अगंबाई” म्हटलं. तिनं कोण धरलं होतं मनात, ते अजून सांगत नाही.

मला वाटतं, गोम इथंच आहे. एरवी आपण माणसाला आधी बघतो. साडी, गाडी, हुद्दा, आडनाव, मग बोलायचं की नाही ते ठरवतो. तिथे सगळे सैल सुती कपड्यांत, केस तेलकट, हातात कोहळ्याच्या रसाचा पेला. सकाळी पहिला प्रश्न, “झालं का पोट साफ?” एकदा हा प्रश्न विचारून झाला की मग लपवायला उरतं काय? निवृत्त कलेक्टर आणि किराणा दुकानवाले एनिमाच्या रांगेत सारखेच अवघडलेले असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण पन्नास तास एकमेकांसोबत जावे लागतात, आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेच्या वर, असा त्यांचा अंदाज. घरी हे पन्नास तास जमवायला वर्षं जातात. आश्रमात रोज सहा-सात तास सहज जातात. पहाटेची प्रार्थना, योगासनं, जेवणाची पंगत, संध्याकाळच्या फेऱ्या. आठ दिवसांत गणित सुटतं.

पण बोललंच पाहिजे असंही नाही. माझा भाचा इगतपुरीला विपश्यनेला गेला होता. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं ते दहा दिवसांचं शिबिर. फोन जमा, आर्य मौन, खाणाखुणासुद्धा नाहीत. मौन दहाव्या दिवशी सुटतं. तो सांगतो, शेजारच्या आसनावरच्या गृहस्थाचा खोकला, बसताना गुडघ्याचा होणारा आवाज, सगळं पाठ झालं होतं. मौन सुटल्यावर ते दोघं एकमेकांकडे बघून आधी नुसतेच हसले. आज ते नाव-गाव सगळं माहीत असलेले दोस्त आहेत.

म्हणून कुणी अशा ठिकाणी निघालं असेल तर माझं ऐका, शक्यतो एकटे जा. बहिणीला किंवा जावेला घेऊन गेलात तर घरच तिथे मांडाल. पहिले दोन दिवस ‘काय करता’ विचारू नका. चालायची वेळ आणि बाक ठरवून टाका; माणसं बाकाला येऊन चिकटतात. कुणी शांततेसाठी आलं असेल तर त्याला सुखानं गप्प राहू द्या. आणि हो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पोट रिकामं असताना, माणसं फार आतलं बोलतात. सुनेचं, कर्जाचं, गेलेल्या मुलाचं. ते तिथेच ठेवायचं, गावात न्यायचं नाही. एक गृहस्थ मात्र सहाव्या दिवशी मला विमा पॉलिसी समजावायला लागले. त्यांना मी मातीपट्टीची वेळ झाल्याचं सांगितलं. दुपारी चार वाजता.

निघताना अकरा जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाच. पहिल्या आठवड्यात रसांचे फोटो, दुसऱ्यात सुप्रभात, तिसऱ्यात कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, मग सामसूम. त्याचं मला काही वाटत नाही. अकरातल्या दहा जणी आठ दिवसांपुरत्याच होत्या आणि तेवढ्यापुरत्या खऱ्या होत्या.

बार्शीची मात्र दर रविवारी सकाळी फोन करते. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तिकडून मोठ्यानं येतं, “काय ताई, झालं का साफ?” आमचे हे पेपर घेऊन गॅलरीत निघून जातात. परवा तिनं डबा पाठवला. उखळात कुटलेली चटणी, तेल सुटलेली. झाकणावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘मिक्सरला दाखवा.’