टोच कुठे बसते ते पाहा

[दृश्य: परसात दाण्याचं भांडं. कोंबड्या धावत येतात.]

भांड्यात दाणे पडले की सगळ्या धावत येतात. खायला मात्र सगळ्यांना मिळत नाही.

ती मागे उभी असलेली करडी कोंबडी बघा. अंग चोरून उभी आहे. एक पाऊल पुढे टाकते, तेवढ्यात तांबडी मान उंचावते आणि करडी तिथेच थबकते. पुन्हा प्रयत्न करते. या वेळी टोच बसतेच, थेट डोक्यावर. करडी पळत जाऊन कुंपणाच्या कोपऱ्यात शिरते आणि तांबडी तिच्या मागे जाते.

[दृश्य: करडीचा तुरा, जवळून.]

तुऱ्याच्या टोकाला वाळलेल्या रक्ताची खपली आहे. मानेवरची थोडी पिसं गेली आहेत. अशी कोंबडी दिवसभर उपाशी राहते का, हे संध्याकाळी हाताला कळतं. गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपून बघा. पोटभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी झोपायच्या वेळी टम्म असते. हिची रिकामी, लोंबती लागेल.

परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी बघावं लागतं. बघवत नाही, हेही खरं. मग काठी घेऊन दांडगीला हाकललं जातं, मार खाणारीला उचलून दुसरीकडे ठेवलं जातं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं. काहीही करण्याआधी एकच गोष्ट बघायची: टोच कुठे बसते आहे? डोक्यावर, पाठीवर, की शेपटीखाली? या तीन ठिकाणांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे.

[दृश्य: दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, समोरासमोर, मानेची पिसं फुलवलेली.]

डोक्यावरची टोच ही मानाची भांडणं. कळपात कोण कोणाच्या वर, हे कोंबड्या आपसात ठरवून घेतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करत होते. कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवून त्यांनी हा क्रम उलगडला आणि १९२२ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरची खालचीला टोचते, खालची वरचीला सहसा उलटून टोचत नाही. आणि क्रम एकदा ठरला की टोचायची फारशी वेळच येत नाही. वरचीने नुसतं रोखून पाहिलं तरी खालची बाजूला होते.

म्हणून थोडीफार टोचाटोची दिसली की लगेच मध्ये पडू नये. आपण दर वेळी मध्ये पडलो तर निकाल लागतच नाही, भांडण लांबत जातं.

मग करडीचं चुकतंय कुठे? तिला पळायला जागा नाही, एवढंच. मोकळ्या जागेत खालची कोंबडी चार पावलं बाजूला गेली की विषय संपतो. कोपऱ्यात अडकली तर तिला हार मानून दूर होताच येत नाही, आणि समोरची टोचत राहते. कुंपणाच्या आत बंद कोपरे किती आहेत, ते एकदा कोंबडीच्या उंचीवर बसून मोजा. कोपऱ्यात तिरकी फळी टेकवा, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल अशी. मध्ये एखादा ओंडका, एखादं झुडूप, उलटं ठेवलेलं खोकं असू द्या. नजरेआड झालेल्या कोंबडीचा पाठलाग बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

[दृश्य: दुसरं भांडं, खोक्यापलीकडे. करडी तिथे खाते आहे.]

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे दुसरं भांडं. दाण्याचं आणि पाण्याचंही. पण पहिल्याच्या शेजारी ठेवलं तर काहीच उपयोग नाही, तांबडी दोन्हींवर राज्य करेल. एका भांड्यापासून दुसरं दिसता कामा नये.

जागेचा अंदाज म्हणून सांगायचं तर खुराड्यात दर कोंबडीमागे निदान ४ चौरस फूट आणि बाहेरच्या कुंपणात निदान १० चौरस फूट जागा असावी. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच. यापेक्षा कमी जागेत शांत स्वभावाच्या कोंबड्याही चिडचिड करायला लागतात.

[दृश्य: एका कोंबडीची पाठ. शेपटीच्या बुडाशी पिसं नाहीत.]

आता ही पाठ बघा. इथे आरडाओरडा नाही, पाठलाग नाही. एक कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे उभी आहे आणि एकेक पीस ओढून काढते आहे. कधी कधी गिळतेही. यात मानापानाचा प्रश्न नाही. कोंबडीचे रानातले पूर्वज दिवसाचा मोठा भाग पालापाचोळा उकरण्यात, जमीन टोचण्यात घालवतात. परसातल्या कोंबडीला ती ओढ तशीच आहे. पायाखाली उकरायला काही नसेल तर तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

त्यामुळे इथे दांडगीला शिक्षा करून काही हाती लागत नाही. तिला काम द्या. तूस, वाळलेली पानं, गवत यांचा जाड थर पसरा आणि रोजच्यातले थोडे दाणे त्यातच विखरून टाका, म्हणजे शोधून खावे लागतील. कोबीचा गड्डा दोरीने टांगा. धुळीत लोळायला कोरडी, भुसभुशीत माती ठेवा.

आणि खाणं तपासा. पीस जवळपास सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिनं लागतात. चांगलं खाद्य देऊनही वर हौसेने मूठमूठ धान्य घातलं की पोट धान्यानेच भरतं आणि प्रथिनं कमी पडतात. मीठ कमी पडलं तरी पिसं ओढणं वाढतं. पिसं झडून नवी येण्याच्या काळात तर गरज आणखी वाढते.

[दृश्य: बोटांनी पिसं बाजूला करून दाखवलेली नवी, निळसर नळी.]

ही नळी नीट बघा. नवं पीस अजून उलगडलेलं नाही आणि आत रक्त आहे. हिच्यावर एक टोच बसली की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की कळपातली प्रत्येक चोच तिकडे वळते. म्हणून नवी पिसं येत असलेल्या कोंबडीवर विशेष लक्ष ठेवा. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं. मोडून बुडखा राहिला असेल तर मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत थांबावं लागतं.

कळपात कोंबडा असेल तर आणखी एक शक्यता असते. माद्या थोड्या असतील आणि कोंबडा सारखा एकाच आवडत्या कोंबडीवर चढत असेल, तर त्याच्या नखांनी तिची पाठ उघडी पडते. उगाच दुसऱ्या कोंबडीवर आळ घ्यायला नको.

रात्री बॅटरी घेऊन खुराड्यातही डोकवा. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा दांड्यांच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त शोषतात. झोपमोड झालेल्या, अंग खाजणाऱ्या कोंबड्या दिवसा चिडक्या झाल्या तर नवल नाही.

[दृश्य: अंडी घालायचं खोकं, पुढे कापडाचा पडदा.]

तिसरी जागा शेपटीखालची, आणि इथे एक मिनिटही घालवायचा नाही. अंडं बाहेर पडताना आतला ओलसर, लाल भाग क्षणभर बाहेर येतो. खोक्यात लख्ख उजेड असेल आणि बाहेर दुसरी उभी असेल, तर ती तिथे टोचते. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांना हा धोका जास्त. बघता बघता जखम वाढते आणि काही तासांत कोंबडी दगावू शकते. खोकी अंधारी ठेवा, पडदा लावा, ४-५ कोंबड्यांमागे एक खोकं असू द्या. इथे टोच बसलेली दिसली तर कोंबडी तत्काळ बाहेर काढा.

जखम धुवायला एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ पुरे. जखम खोल असेल किंवा माश्या बसत असतील तर पशुवैद्याला दाखवा, माश्यांची अंडी उबायला वेळ लागत नाही. कोंबडीला वेगळं ठेवायचं, पण शक्यतो जाळीआड, कळपाला दिसेल असं. पूर्ण नजरेआड गेलेली कोंबडी काही दिवसांनी कळपाला परकी होते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात आणि न दिसणारीला विसरतात.

दांडगीच्या बाबतीत हाच नियम उलटा वापरायचा. तिला दोन-चार दिवस नजरेआड ठेवा. मधल्या काळात बाकीच्यांचा क्रम नव्याने बसतो आणि परत आल्यावर तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. बऱ्याचदा तोरा उतरलेला असतो.

नवी कोंबडी आणताना काही आठवडे तिला वेगळं ठेवा, रोगाच्या भीतीने. मग आठवडा-दोन आठवडे जाळीपलीकडे. एकटी आणू नका, सोबतीण असू द्या, आणि वजनाने अगदी लहान तलंग मोठ्यांत सोडू नका. जाळी काढल्यावर काही दिवस टोचाटोची होणारच. त्यात रक्त नसेल आणि नवी खात-पीत असेल तर होऊ द्या.

[दृश्य: चष्म्याचं जुनं रेखाचित्र.]

या त्रासावर माणसाने वेगवेगळे उपाय शोधले. १९०३ साली अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन यांनी कोंबड्यांचे डोळे टोचांपासून वाचवणाऱ्या चष्म्याचं पेटंट घेतलं. मोठ्या फार्मांवर चोचीचं टोक कापण्याची पद्धत आहे. चोचीच्या टोकात नसा असतात आणि कापताना वेदना होतात. नॉर्वेने १९७४ सालीच यावर बंदी घातली. परसात चोच कापायला माझ्या मते काहीच सबब नाही. जागा, भांडी आणि उकरायला पाचोळा देणं आपल्या हातात असताना कोंबडीचा अवयव कशासाठी तोडायचा?

वंशाचाही वाटा असतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत विल्यम म्यूर यांनी एकेकटी जास्त अंडी देणारी कोंबडी निवडण्याऐवजी एकत्र नांदणारे गटच्या गट पैदाशीसाठी निवडले. काही पिढ्यांतच पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांचं मरण्याचं वार्षिक प्रमाण ६८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आत आलं.

सगळं करूनही एखादी कोंबडी बदलत नाही. अशा वेळी तिला दुसऱ्या, तिच्याच वजनाच्या कोंबड्यांच्या कळपात देणं चांगलं. तिथे ती परकी म्हणून खालूनच सुरुवात करते आणि बहुधा निभावते. मात्र तिची खोड पिसं ओढण्याची असेल तर ती सोबत जाते, आणि बाकीच्या बघून बघून उचलतात. नेणाऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगा.