परातीतलं गाव : हितोयोशी

नमस्कार श्रोतेहो. आज जपानला जायचंय, पण टोकियोला नाही, क्योटोलाही नाही. जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्यातल्या कुमामोतो प्रांताच्या अगदी खालच्या अंगाला, डोंगरांच्या मधोमध हितोयोशी वसलंय. म्हणायला शहर, पण वस्ती तीसेक हजारांची. आपल्याकडे त्याला कुणीही तालुक्याचं गाव म्हणेल.

एक परात डोळ्यांसमोर आणा. काठ म्हणजे डोंगर, तळाला भातखाचरं आणि त्या तळातून वाहणारी कुमा नदी. या परातीच्या काठाला पश्चिमेकडे एक चीर आहे. आजूबाजूच्या डोंगरांवरचं पाणी परातीत उतरतं आणि त्या एवढ्याशा चिरेतून, अरुंद घळीतून, यात्सुशिरोच्या समुद्राकडे धावतं. जपानमधल्या तीन सर्वांत वेगवान नद्यांमध्ये कुमाची गणना होते. ही चीर तेवढी ध्यानात ठेवा.

शरद ऋतू लागला की इथल्या सकाळी धुक्यातच उगवतात. रात्रीची गार हवा डोंगरउतारांवरून घसरत तळाशी साचते, तिला नदीचा ओलावा मिळतो आणि उजाडताना समोरचं घरसुद्धा दिसेनासं होतं. वर्षाकाठी असे शंभरेक दिवस! त्याच वेळी वर डोंगरावर उभं राहिलात तर लख्ख ऊन, आणि पायाखाली दुधाने काठोकाठ भरलेली परात.

या डोंगरांच्या आड सागारा घराण्याने बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १८७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सातशे वर्षं, कारभार केला. जपानमध्ये सरदार आले, गेले, त्यांच्या जहागिऱ्या बदलल्या. हे मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या किल्ल्यात आता वाडे उरलेले नाहीत, पण नदीकाठची दगडी तटबंदी पाहण्यासारखी आहे. तटाच्या अगदी माथ्यावर चपट्या दगडांची एक ओळ वळचणीसारखी बाहेर काढलेली आहे. १८६२ साली मोठी आग लागली, तिने गाव आणि किल्ला दोन्ही होरपळले. पुन्हा आगीच्या ज्वाळा भिंतीवरून वर चढू नयेत म्हणून ही युक्ती. तोंड पोळल्यावर माणूस ताक फुंकून पितो, तसं हे.

गावात आओइ आसो नावाचं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, मंदिर आहे, इमारत १६१० च्या सुमाराची. काळं लाखकाम, कोरीव नक्षी, आणि वर काय, तर गवताने शाकारलेलं उंच, उतरतं छप्पर! सोन्या-तांब्याचे कळस बघायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना गंमत वाटेल. २००८ साली याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. कुमामोतो प्रांतातला हा पहिलाच.

आणि शोचू. शोचू म्हणजे गाळलेली दारू. शेजारच्या कागोशिमात ती रताळ्याची करतात. हितोयोशीची मात्र तांदळाची. खोऱ्यात भात पिकतो, पाणी चांगलं, मग दुसरं काय होणार! १९९५ पासून 'कुमा शोचू' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. पाणी याच खोऱ्यातलं हवं, गाळायची इथेच, बाटलीतही इथेच भरायची. लांब, बारीक चोचीच्या भांड्याला म्हणतात 'गारा'. त्यातून घोटभराच्या वाटीत, म्हणजे 'चोकु'त, ओतायची. जुनी मंडळी पाणी न घालता नुसती कोमट करून घेतात.

आता त्या चिरेकडे येऊ. मोरीचं भोक लहान आणि वरून बादल्यांवर बादल्या ओतल्या, तर काय होतं? ४ जुलै २०२० च्या पहाटे तेच झालं. पावसाचा पट्टा क्यूशूवर तासन्‌तास ठाण मांडून बसला, कुमाचं पाणी गावात शिरलं, काही ठिकाणी चार मीटरच्या वर चढलं. १९६५ चा महापूर इथले म्हातारे मोजमाप म्हणून सांगत. ते मोजमाप त्या सकाळी बुडालं. शोचूच्या भट्ट्यांत चिखल भरला, मंदिराच्या कमळतळ्यावरच्या लाल पुलाचे कठडे वाहून गेले, १९०८ सालचे रेल्वेचे दोन लोखंडी पूल नदीने उचलून नेले. प्रांतात पासष्ट माणसं गेली.

मला या गावाची सर्वांत अवघड गोष्ट वाटते ती याच्या पुढची. कुमाला मिळणाऱ्या कावाबे नदीवर धरण बांधायचं, असं सरकारने १९६६ सालीच जाहीर केलं होतं. दशकानुदशकं भांडण चाललं. वरच्या इत्सुकी गावातले लोक घरंदारं सोडून उंचावर राहायला गेले, आणि धरण काही झालं नाही. २००८ साली प्रांताच्या राज्यपालांनीच धरण नको म्हणून सांगितलं. हितोयोशीलाही ते नकोच होतं. स्वच्छ नदी, तिच्यातले आयु मासे, होड्यांची सफर, हाच तर गावाचा जीव. खाली कुमावरचं आरासेचं जुनं धरण तर २०१२ ते २०१८ या काळात चक्क पाडलं, देशात पहिल्यांदाच. आणि मग पूर आला. चार महिन्यांनी त्याच राज्यपालांनी धरणाला होकार दिला. फक्त आता तळाशी वाट असलेलं, एरवी नदी वाहू देणारं आणि पुराच्या वेळीच पाणी अडवणारं. आयु मासे पकडणाऱ्यांना ते अजून पटत नाही. चूक कोणाची म्हणायची? मी तरी बोट दाखवणार नाही. इत्सुकीच्या माणसाचा तेवढा विचार करा. घर धरणासाठी सोडलं, धरण रद्द झालं, आणि आता पुन्हा त्याच धरणाच्या बैठका.

रेल्वेचं म्हणाल, तर १९२२ साली बनलेलं, ५८६५४ क्रमांकाचं कोळशाचं इंजिन अनेक वर्षं पर्यटकांना घेऊन या नदीकाठाने हितोयोशीला येत असे. २०२४ च्या मार्चमध्ये ते निवृत्त झालं. आता ते हितोयोशी स्थानकासमोर उभं आहे, काळंभोर, पुसून लख्ख केलेलं. यात्सुशिरोकडून येणारा मार्ग २०३३ च्या सुमाराला पुन्हा जोडायचं ठरलंय. तोवर इंजिन गावात आहे, आणि ते ज्या रुळांवरून यायचं ते रूळ अजून यायचेत.