रामा शेट्टीचा फोन

एक पोलीस सब-इन्स्पेक्टर वॉरंट घेऊन गुंडाच्या अड्ड्यावर येतो. गुंड पळत नाही, पिस्तूल काढत नाही. शांतपणे एक फोन लावतो. पलीकडून वरिष्ठांचा हुकूम येतो: परत फिर.

1983 सालचा गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य'. अनंत वेलणकरच्या भूमिकेत ओम पुरी, रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर.

माझ्या लेखी हिंदी सिनेमातला सगळ्यात हिंसक प्रसंग हाच. रक्ताचा थेंब सांडत नाही, पण ओम पुरींचा चेहरा बघा. भर चौकात कुणी थोबाडीत मारावी, तसा झालाय.

हल्ली 'रॉ', म्हणजे कच्चा, रांगडा सिनेमा म्हटलं की शिव्या हव्यात, अंधारे बोळ हवेत, हलता कॅमेरा हवा. मीही ते चवीनं बघतो, खोटं कशाला बोला? पण 'अर्धसत्य'ची धग कॅमेऱ्याच्या आधी कागदावर होती. आणि त्यातला बराचसा कागद मराठी माणसांनी लिहिलेला.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. संवाद वसंत देव यांचे. आणि सिनेमाला नाव देणारी कविता दिलीप चित्रे यांची. ही कविता वेलणकर त्याच्या प्रेयसीसमोर, ज्योत्स्नासमोर, म्हणजे स्मिता पाटीलसमोर, मोठ्यानं वाचतो. सुरुवात सहज, जरा गमतीतच. मग आवाज जड होत जातो. आपल्याविषयीच कुणी लिहून ठेवलंय, हे त्याला वाचता वाचताच उमगतं.

सत्तरच्या दशकात तेंडुलकरांनी नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचाच अभ्यास केला होता. इथे ते तिचा माग काढत थेट घरात शिरतात. वेलणकरचा बाप, अमरीश पुरी, निवृत्त पोलीस. बायकोवर हात उगारणारा. लहानपणी ते मुकाट बघणारा मुलगा पुढे लॉकअपमध्ये एका भुरट्या चोराला मरेस्तोवर मारतो. रामा शेट्टीसमोर गिळलेला अपमान असा भलत्याच माणसावर निघतो. वेलणकरची कीव येते आणि त्याच क्षणी त्याची भीतीही वाटते. हे जमवणं सोपं नाही.

पंधरा वर्षांनी, 1998 मध्ये, रामगोपाल वर्मांचा 'सत्या' आला. त्याच्या नावात 'अर्धसत्य'ला केलेला सलाम आहे, हे वर्मांनीच सांगितलंय. त्यातल्या गँगस्टर भिकू म्हात्रेची समुद्रासमोरची आरोळी आज पोराटोरांनाही पाठ आहे. मनोज वाजपेयी त्यात जबरदस्तच! पण माझी नजर त्या सिनेमातल्या भाऊवर, भिकूच्या टोळीमागच्या राजकारण्यावर, खिळते. रामा शेट्टी निवडणुकीला उभा राहत होता. भाऊ निवडणूक जिंकतो, आणि विजयाच्या जल्लोषातच भिकूला गोळी घालतो. त्याला कुणाला फोन लावायची गरजच उरलेली नाही.