पुढचा एक्सल : सहा नकल आणि एक रविवार

[दृश्य : शेडमधली निळी ताडपत्री. कॅमेरा वरून, सावकाश डावीकडून उजवीकडे.]

निवेदन :

ताडपत्रीच्या मधोमध खडूची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे डाव्या चाकाचा माल, पलीकडे उजव्याचा. वरची किंगपिन, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती, वर, खालची खाली, आणि ज्याच्या त्याच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, सुतळीत ओवून शेजारीच. इकडचं तिकडे झालं की संध्याकाळी डोकं धरून बसायची वेळ येते. पुढचा एक्सल खोलणं हे निम्मं हाताचं काम आहे आणि निम्मं या मांडणीचं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली ही शेड. बाहेर दोन जिप्सी आणि एक जुनी महिंद्रा जीप. तिघींचे पुढचे एक्सल आज नवे करायचे आहेत. प्रत्येक एक्सलच्या दोन टोकांना दोन नकल, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणारे भाग. एकूण सहा.

[दृश्य : पहाट. जॅकचा दांडा खाली-वर. मागच्या चाकांना लावलेले लाकडी ठोकळे.]

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. दुपारी पत्र्याखाली ठेवलेला पाना हातात धरवत नाही. त्यामुळे सगळं वेळापत्रक उन्हानं आखून दिलं. साडेपाचला जॅक. ठोकाठोकी, खोलाखोल, धुणं हे सगळं अकराच्या आत. मोजमाप आणि ग्रीस भरणं दुपारी, पंख्याखाली बसून. मृग लागायच्या आत गाड्या चाकांवर हव्यात. काळ्या रानात पाऊस पडला की गाडीला पुढच्या चाकांच्या जोराची खरी गरज लागते.

[दृश्य : जिप्सीच्या खालून. पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, एक्सलची नळी, मधला डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणारे गिअर.]

हा अखंड एक्सल. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडाची एकच नळी, पाट्यांवर बसलेली. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा जीप याच बांधणीची होती. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, तीही पुढे-मागे अखंड एक्सल घेऊनच. लष्करानं ती वर्षानुवर्षं वापरली. आताच्या बहुतेक गाड्यांत पुढची दोन चाकं आपापली हलतात. डांबरी रस्त्यावर ते सुखाचंच आहे, वाद नाही. ओढ्यातल्या दगडावर मात्र एक चाक वर गेलं की अखंड एक्सल दुसऱ्याला खाली दाबतो आणि पकड सुटत नाही. शिवाय हा एक्सल लॅपटॉप न जोडता कुठलाही जाणता मिस्त्री खोलू शकतो. आम्हाला हे दुसरं कारण पहिल्याहून मोठं वाटतं.

[दृश्य : हवेत उचललेलं चाक. दोन हात, एक वर, एक खाली.]

घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे चाक धरायचं आणि आत-बाहेर हलवायचं. खट् आवाज आला की ढिलाई आहे. ती कुठली? दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा आणि पहिल्यानं पुन्हा हलवायचं. आता खट् गेली, तर चाकाचं बेअरिंग. राहिली, तर किंगपिन. परीक्षेला पैसा लागत नाही, दोन माणसं लागतात.

ही तपासणी तिन्ही गाड्यांवर काही आठवडे आधीच झाली होती. आजच्या दिवसाचं नियोजन तिथून सुरू होतं. कुठल्या गाडीचं काय गेलंय याची यादी, यादीवरून बेअरिंगचे नंबर, नंबरावरून खरेदी. बेअरिंग गावात मिळतात. नकलच्या सीलचं, म्हणजे तेल-ग्रीस अडवणाऱ्या रबरी कड्यांचं, किट मिळेलच याची खात्री नसते, ते पुण्याहून मागवावं लागतं. पुणं अडीचशे किलोमीटर आणि रविवारी दुकानं बंद. दुपारी तीनला एक सर्क्लिप, म्हणजे शाफ्ट जागेवर अडवणारी छोटी कडी, कमी निघाली, तर गाडी घोडीवर आणि मालक रिक्षात. म्हणून नियम असा की किट हातात येऊन, उघडून, मोजून झाल्याशिवाय त्या गाडीचा एकही बोल्ट सैल करायचा नाही.

दुसरा नियम आमच्या जुन्या मिस्त्रींचा, अण्णांचा. एक बाजू पूर्ण खोलून, मांडून झाली की मगच दुसरी. डावीकडे अडलं की उजवीकडे जाऊन बघता येतं, मूळ कसं बसलं होतं.

[दृश्य : अण्णांचे हात. चेहरा नंतर.]

अण्णांनी आयुष्यभर या गाड्या खोलल्या. आज ते स्टुलावर बसले आहेत आणि पाना दुसऱ्यांच्या हातात आहे. हे ठरवून केलंय. त्यांनी हातात घेतलं तर काम निम्म्या वेळात होईल, आणि पोरं कोरडीच राहतील.

(इथे निवेदन थांबवून अण्णांचा मूळ आवाज ठेवावा : “हळू बे. कशाला घाई करूलालाव? बेअरिंग हाय ते.”)

[दृश्य : हब निघतो. चार खाचांचा पाइपचा पाना.]

हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, आतला लॉकनट साध्या पान्याला दाद देत नाही. छिन्नीनं ठोकून फिरवणारे पुष्कळ आहेत, आणि असे ठोकलेले नट बघितले की अण्णांचं डोकं फिरतं. त्यासाठी हा पाना आहे. पाइपचा तुकडा, लेथवर खाचा पाडलेला, मागे वेल्डिंगनं नट बसवलेला. एकदा केला, सगळ्यांना पुरला.

[दृश्य : नकल उघडतो. काळा, पातळ रस्सा ट्रेमध्ये. शॉट पूर्ण ठेवावा.]

हे घट्ट ग्रीस असायला हवं होतं. नळीच्या तोंडाशी आत एक ऑइल सील असतं. त्याच्या एका बाजूला डिफरन्शियलचं नव्वद नंबरचं ऑइल, दुसऱ्या बाजूला ग्रीस. सील गेलं की दोघं मिसळतात, त्याचा असा रस्सा होतो आणि तो टायरच्या आतल्या अंगाला ओघळत राहतो. मालक रोज पुसतो आणि म्हणतो, थोडंसं लीक आहे.

सील का गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. एक्सलच्या नळीवर बोटभर उंचीचा ब्रीदर असतो. नळीतली गरम हवा तिथून बाहेर जाते. त्यात चिखल बसला की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. आणि गरम एक्सल तसाच ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला, तर उलटं होतं, आत पाणी ओढलं जातं. या जिप्सीचा ब्रीदर चिखलानं गच्च होता. तो न बघता नवं सील घातलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात हेच दृश्य पुन्हा. आता त्याला रबरी नळी जोडून ती वर इंजिनजवळ बांधली आहे.

[दृश्य : धुतलेला सांधा तळहातावर. सहा गोळ्या चमकतात.]

नकलच्या आत दोन शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, जोडणारा हा सांधा सोलापुरी उन्हात दागिन्यासारखा दिसतो, म्हणून शॉट लांबवलाय, माफ करा. साधा क्रॉसचा सांधा वळलेल्या अवस्थेत फिरला की एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा सावकाश जातो. चाक वळवून जोर दिला की स्टिअरिंगला धक्के बसतात ते त्यामुळे. इथे पिंजऱ्यात सहा गोळ्या आहेत आणि त्या दोन्ही शाफ्टमधला कोन कायम बरोबर मधोमध वाटून घेतात. त्यामुळे चाक कितीही वळो, वेग सारखाच. फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेपा या अभियंत्यानं १९२०च्या दशकात ही रचना केली. मिस्त्री लोक तिला बर्फिल्ड म्हणतात. पूर्ण वळण घेताना कटकट आवाज आला, तर पिंजऱ्याला किंवा खोबणीला तडा गेलाय का ते बघायचं. या सांध्याला तडा नाही. धुऊन, मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस बोटानं आतपर्यंत दाबून परत बसणार.

पुसायला काय वापरायचं यावरून सकाळी जरा वाद झाला. हे टॉवेलचं गाव. कारखान्यातले बाद तुकडे पोतंभर आणले होते. अण्णांनी ते बेअरिंगजवळ येऊ दिले नाहीत. त्याचे धागे सुटतात, ग्रीसमध्ये अडकतात. बेअरिंगसाठी जुनं, धुवट धोतर. टॉवेल हातांसाठी. आणि नवं बेअरिंग ज्याचे हात स्वच्छ, त्यानंच कागदातून काढायचं. त्या कामाला एकच मुलगा नेमला. दिवसभर त्याला कुणी हातोडीला हात लावू दिला नाही, त्याचा त्याला रागही आला.

[दृश्य : नळीच्या टोकाचा गोल. पॉलिश पेपरची पट्टी चांभाराच्या दोरीसारखी पुढे-मागे.]

या गोळ्यावर नकल फिरतो आणि बाहेरचं सील याच पृष्ठभागावरून घासत जातं. इथे गंजाचा एक खड्डा असला तरी नवं रबर महिन्याभरात फाटतं. घासायला वेळ लागतो. कंटाळवाणं काम आहे आणि कॅमेऱ्यात काही दिसत नाही.

[दृश्य : स्प्रिंगचा काटा नकलच्या हाताला अडकवलेला. काट्यावर फोकस.]

आता दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. हा काटा मासळीवाल्याकडून आणलाय, उजनीचे मासे याच्यावर तोलले जातात. टायरॉड, म्हणजे दोन्ही नकल एकमेकांना जोडणारा दांडा, सोडवलेला, बाहेरचं सील अजून बसवलेलं नाही. टायरॉडच्या भोकात काट्याचा हूक अडकवायचा आणि सावकाश ओढायचं. नकल हलायला लागला त्या क्षणी काटा काय दाखवतो, ते वाचायचं आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. कमी आला तर किंगपिनखालची एखादी शिम काढायची. जास्त आला तर घालायची. शिम कागदासारख्या पातळ, बोटाला दोन चिकटून आल्या तरी कळत नाही. ढिलं राहिलं तर साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, घट्ट झालं तर वळणानंतर ते आपलं आपण सरळ येत नाही.

नुसत्या हाताच्या अंदाजानं बसवणारेही आहेत. अण्णांचा अंदाज आणि काटा आज जुळले. पोरांचा अंदाज जुळायला अजून अवकाश आहे, तोवर काटा.

[दृश्य : भाकरीचा पापुद्रा मोडताना. शेंगा चटणी. साबणाचं काळं पाणी.]

जेवण. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही.

[दृश्य : शाफ्ट नळीत सरकताना. टॉर्चचा उजेड.]

शाफ्ट परत घालताना त्याचं वजन सीलवर टेकू द्यायचं नाही. एकानं सरळ उचलून धरायचं, दुसऱ्यानं टॉर्च मारून बघायचं. शाफ्टच्या दात्यांनी सीलची कड एकदा कापली, की सकाळपासूनचं सगळं पाण्यात. डावा आणि उजवा शाफ्ट लांबीला सारखे नसतात, तेव्हा खडूची रेघ इथे कामाला आली. मग बेअरिंग, हब, चाक हातानं फिरवत लॉकनट आवळणं, किंचित मागे घेणं, लॉकवॉशर. तिसऱ्या गाडीचं, म्हणजे जीपचं, शेवटचं चाक लागलं तेव्हा शेडमधले दिवे लावावे लागले होते.

[दृश्य : गाड्या माळावर. धूळ. नैसर्गिक आवाज.]

पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पुन्हा नोंदणी आणि फिटनेस लागतो, तो ज्याचा त्यानं बघायचा. कुणाच्या बांधाला चाक लावायचं नाही आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे फिरकायचं नाही, ही ताकीद सगळ्यांना आहे. निघालेलं ऑइल डब्यांत भरून ठेवलं आहे.

[दृश्य : रस्त्याकडेला थांबलेली जिप्सी. हबवर टेकवलेला तळहात.]

दहा-पंधरा किलोमीटर चालवून हबला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला आहे, तिथेच सैल करायचा. शंभर किलोमीटरनंतर किंगपिनचे बोल्ट पुन्हा तपासायचे आणि टायरच्या आतल्या अंगाला बोट फिरवून बघायचं, ओलं लागतंय का.

पुढची पाळी दसऱ्यानंतर, ऊन उतरल्यावर. ज्यांना गाडी आणायची आहे त्यांनी आधी ब्रेक दाबून चाक हलवून बघा, ब्रीदर साफ करा, आणि बेअरिंगचे नंबर गणपतीच्या आत कळवा. पाइपचा पाना आमच्याकडे आहे. मासळीवाल्याचा काटा परत गेलाय. पुढच्या वेळी वर्गणीतून स्वतःचा घ्यायचा आहे.